जेवायला चालत येताना

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. चौथीपर्यंतच शिकले, तेव्हा ही वही कुणाच्या हाती लागलीच तर सांभाळून घ्यावं.

आमच्या वृद्धाश्रमात जेवायला आपल्या पायांनी यावं लागतं. जिला ते जमत नाही, तिला घरच्यांनी घेऊन जायचं, असा नियम आहे. आज मी आधीच जाऊन बसले आणि एकेकीला येताना पाहत राहिले. कुणी तुळशीपाशी थांबते, कुणी भिंतीवरचं कॅलेंडर निरखते. तारीख कुणालाच नको असते, दम खायचा असतो. माझ्या मुलानं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा मी शेजारणींना हाका मारून बोलावलं होतं. आता पाऊल अडखळलं तर कुणी बघू नये, एवढंच वाटतं.

माझ्या खोलीतल्या सुमनताई माझा दंड धरून यायच्या. कुणी बघायला नको म्हणून आम्ही घंटेच्या आधीच निघायचो. व्यवस्थापक बाई हसायच्या, "काय आजी, रोज पहिला नंबर?"

सुमनताई म्हणायच्या, "तुमची आमटी पातळ, लवकर जिरते."

सोमवारी जेवण झाल्यावर त्यांना उठताच येईना. मी ओढलं, पण माझ्यातही तेवढी ताकद नाही. सगळ्यांनी पाहिलं.

काल त्यांना न्यायला भाचा आला. त्या मला म्हणाल्या, "तू सांग ना बाईंना, मी चालते म्हणून." मला कधी कुणापुढे बोलता येत नाही. मी त्यांच्या साड्यांच्या घड्या घालत राहिले. ऑफिसात बाईंनी भाच्याला त्यांची अनामत परत दिली, पूर्ण, एक रुपयाही न कापता.