दहीसाखर आणि पोटाचा फोटो

मंडळी, आज नगरला माझ्या पोटाचं सीटी स्कॅन झालं. सकाळी निघताना सुनेनं हातावर दहीसाखर ठेवली आणि मी तिच्यावर खेकसलो. बिचारी रडली.

एकाहत्तर साली आईचं पोट लई दुखायचं. बेरियम पाजून फोटो काढतात म्हणून तिला पाथर्डीहून एसटीनं नगरलाच आणलं.

डॉक्टर चिडले. "उपाशी आणा सांगितलं होतं ना?"

आई म्हणाली, "उपाशीच हाय की. निघताना निसती दहीसाखर घेतली."

फोटो पुढच्या आठवड्यावर गेला. आई तेवढी थांबली नाही.

ती दहीसाखर तिच्या तळहातावर मीच ठेवली होती. एसटीत बसेपर्यंत ती हसत बोटं चाटत होती.

आता सुनेला काय सांगू?