लीडरचं कोरं खुरपं

"हे कोणाचं हाय?"

शेताच्या मालकीणबाई बांधावर उभ्या होत्या. हातातल्या काठीचं टोक नाल्याच्या काठाकडे. आम्ही बारा जण मान खाली घालून पोहे खात होतो.

"ज्याचं असन त्यानं सांगा. नाई तं सगळे निघा. याच नाल्यावर माह्ये बैल पाणी पेतात."

मी ट्रेक लीडर. पाठीवर सामान घेऊन आठ-आठ दिवस चालणाऱ्यांचे ग्रुप नेतो. पुलगावहून निघालो होतो, देवळीजवळच्या या शेतात दोन दिवस मुक्काम होता. आदल्या संध्याकाळी मी स्वच्छतेवर चाळीस मिनिटं ब्रीफिंग दिलं होतं. लॅमिनेट केलेला तक्ता घेऊन. पाण्यापासून सत्तर पावलं दूर जायचं. 'कॅटहोल' खणायचा, म्हणजे मांजर उकरते तसा खड्डा, पण वीतभर खोल. माती लोटायची. टिश्यू पिशवीत परत आणायचा. हात साबणानंच धुवायचे, सॅनिटायझरवर भागवायचं नाही. प्रत्येकाला नंबर टाकलेलं नवं खुरपं दिलं. माझ्या खुरप्यावर नंबर नव्हता. 'लीडर' लिहिलं होतं.

पहाटे माझं पोट बिघडलं. सत्तर पावलांपैकी मी नऊ चालू शकलो.

"खुरपे दाखवा," बाई म्हणाल्या. सगळ्यांच्या खुरप्यांना माती. "तुमचंच काऊन चकचक करून राह्यलं?"

"लीडरचं सामान स्वच्छच असतं, ताई."

ग्रुपनं माना डोलावल्या. दोघांनी हे वहीत लिहूनही घेतलं.

मग नजरा पिपरी मेघेच्या सरांकडे वळल्या. निवृत्त शिक्षक, वय सगळ्यांत जास्त. सकाळपासून तीनदा जाऊन आले होते. "यायच्या खुरप्याले माती तं एकाच खेपेची दिसते," कोणीतरी हिशेब मांडला. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "सर, तब्येत सांभाळा. तुम्ही घरी गेलेलं बरं."

सर खुरपं घेऊन नाल्याकाठी गेले, ते उचलून लांब नेऊन पुरलं, माझ्या तक्त्याप्रमाणे साबणानं हात धुतले आणि देवळीची बस पकडून घरी गेले. मुक्काम वाचला. जेवताना ग्रुपनं माझ्या शिस्तीचं कौतुक केलं.

दोन वर्षं हा घास घशात होता. परवा फोन केला.

"सर, ते माझं होतं."

"मले माहीत हाय. मी वर लांब पळसामागं बसलो होतो, तिथून नाला दिसते."

"मग बोलले काऊन नाई?"

"अबे, तसं बसून पाह्यलेल्याची साक्ष देते का कोणी? माहा खड्डा तं वीतभर होता ना?"

"तुम्ही सांगता म्हणजे असेल, सर."

"सत्तर पावलं मोजून गेलतो. तुह्या वर्गात एक तरी पास झाला म्हण."

आता माझं ब्रीफिंग दहा मिनिटांचं असतं. खड्डा संध्याकाळीच खणून ठेवा, पोट सांगून बिघडत नाही. आणि सकाळी पहिलं खुरपं लीडरचं तपासा.