वाटीत वाढलेलं फोंड्यू

विस्तवाशी गप्पा मारणारी बाई मी एकच पाहिली, ती म्हणजे आमच्या वहिनी. माणसांशी चार शब्द जेमतेम बोलणार, पण कोळसे पेटले की "भिया, जरा धीरे. कुठं जायचंय तुला?" असं भाऊ म्हणून त्यांना समजावत बसणार. वहिनी धारच्या. लग्न होऊन देवासला आमच्या घरी आल्या तेव्हा आई म्हणाली होती, "मुलगी शांत आहे." आमच्या घरात शांत हा शब्द 'सोसेल' या अर्थाने वापरतात.

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, पीथमपूरला एका कारखान्यात इंजिनिअर होता. लग्नानंतर आठ महिन्यांत कंपनीने त्याला स्वित्झर्लंडला पाठवलं. "घर मिळालं की तुला नेतो," असं सांगून तो गेला, आणि ते घर पाच वर्षं मिळतच होतं. फोनवर तो वहिनींना कामं सांगायचा. इंग्रजी सुधार, सायकल शिक, फोंड्यू शिक. फोंड्यू म्हणजे वितळवलेलं चीज. मध्ये भांडं ठेवायचं आणि लांब काट्याला पावाचा तुकडा टोचून सगळ्यांनी त्यातच बुडवून खायचं. "इकडे पाहुणे आले की हेच करतात. तुला आलंच पाहिजे," असं तो म्हणे. वहिनींनी ते व्हिसाची अट असल्यासारखं मनावर घेतलं.

पहिल्या सुट्टीला दादा तिकडचं चीज घेऊन आला आणि अतिशहाणपणाने आईला सांगून बसला की ते वासराच्या पोटातल्या रसाने विरजतात. झालं. चीज नावाची वस्तूच स्वयंपाकघरातून हद्दपार झाली. वहिनींनी इथलं शाकाहारी शिक्क्याचं चीज आणून दाखवलं, तरी आईचं एकच, "बाहेर ठेव ते." म्हणून मग इंदूरहून झाकणाचं ग्रिल आलं आणि मागच्या अंगणात वहिनींची वेगळी चूल मांडली गेली.

पहिल्याच रविवारी पेरूची एक ओली फांदी कोळशांत पडली. चीजला असा काही धुरकट वास लागला, की वहिनी बोट चाटत नुसत्या उभ्या राहिल्या. तेव्हापासून ती फांदी मुद्दाम टाकायची ठरली. लोखंडी कढईला आतून लसूण चोळायचा, थोडं दूध तापवायचं, कॉर्नफ्लोअर लावलेलं किसलेलं चीज मूठमूठ सोडायचं, वर लिंबू पिळायचं. मूळ कृतीतल्या वाइनचं नाव काढायची आमच्याकडे सोय नव्हती. मग ग्रिलचं झाकण लावून दहा मिनिटं थांबायचं. "भावजी, धुआँ लगना चाहिए, काजळी नको," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पावाऐवजी त्यांनी बाफले घेतले, माळव्यातले उकडून भाजलेले कणकेचे गोळे. "पाव बुडतो. बाफला टिकता है," असं त्या म्हणत.

चव बघायला मी. कधी चीज फाटायचं, कधी रबरासारखं व्हायचं, कधी नुसती राख लागायची. मी सगळं खायचो. मला चीज मुळात आवडत नाही. हे मी त्यांना पाच वर्षांत एकदाही सांगितलं नाही. त्या घरात माझ्या हातून घडलेलं सत्कृत्य एवढंच.

पाचव्या वर्षी हिवाळ्यात दादाचा फोन आला. त्याचे साहेब आणि त्यांची बायको कारखाना बघायला येणार होते, त्यांना तो दुपारी घरी जेवायला आणणार होता. "सगळं नीट पार पडलं तर या वेळी तुझे कागद करून टाकू," असं तो वहिनींना म्हणाला. वहिनींनी इंदूरहून सहा लांब काटे आणले आणि घासून घासून चमकवले.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी आई अंगणात आली. काटे कशाला, हे विचारून घेतलं आणि म्हणाली, "तोंडात घातलेला काटा पुन्हा त्याच भांड्यात? सगळ्यांचं उष्टं? माझ्या अंगणात हे चालायचं नाही. वाट्यांत वाढ."

"आई, ते असंच खातात हो," वहिनी म्हणाल्या.

"खात असतील. आपल्या घरी."

मी तिथेच कोळसे फोडत होतो. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "वाटीत घेतलं म्हणून चव थोडीच बदलते?"

दुपारी वहिनींनी पळीने फोंड्यू वाढलं, प्रत्येकाची वाटी वेगळी. इतकं सुरेख ते आधी कधीच जमलं नव्हतं. साहेबांच्या बायकोने तर दुसरी वाटी मागून घेतली. पण दादाचा चेहरा उतरला होता. "अगं, फोंड्यू आहे की कढी? एका भांड्यातून खायचं असतं, एवढंही पाच वर्षांत कळलं नाही तुला?" मग पाहुण्यांना इंग्रजीत काहीतरी सांगून तो स्वतःच हसला. पाहुणे सभ्यपणाने हसले. आई हसली. मीही हसलो. वहिनी म्हणाल्या, "माझंच चुकलं," आणि कोळशांवर राख सारायला उठल्या.

पाहुणे गेल्यावर दादा म्हणाला, "हिला तिथे नेऊन चारचौघांत हसं करून घेऊ का?" त्याचं मन आधीच उडालेलं होतं, वाटीचं निमित्त झालं, हे आज मला कळतं. पण ते निमित्त त्याच्या हातात आम्ही दिलं. 'आईने सांगितलं होतं,' एवढे तीन शब्द पुरले असते. आई न चुकता टेकडी चढून देवीला जाते. तिलाही ते तीन शब्द सुचले नाहीत.

उन्हाळ्यात वहिनी धारला माहेरी गेल्या, त्या परत आल्या नाहीत. दोन वर्षांनी संमतीच्या घटस्फोटाचे कागद तयार झाले. दादाला सवड नव्हती, आईला गुडघ्यांचं दुखणं होतं. कागद घेऊन मी बसने धारला गेलो. वहिनी आता तिथल्या एका शाळेत लहान मुलांना शिकवत होत्या. त्यांनी प्रत्येक पान शांतपणे वाचलं आणि सही केली.

"वहिनी, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं," मी म्हणालो.

"हां, हवं होतं." त्यांनी कागद माझ्यासमोर सरकवले. "यांच्याकडून मला आशा नव्हतीच, भावजी. तुमच्याकडून होती." मग जरा थांबून म्हणाल्या, "और सुनो, आता वहिनी म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"नाव आहे ना मला."

आमच्याकडे लग्नात सुनेचं नाव बदलतात. आम्ही ठेवलेलं नाव मला ठाऊक होतं. त्यांचं स्वतःचं नाव मला कागद पुन्हा उलटून सहीत वाचावं लागलं, आणि त्या नावाने त्यांना हाक मारायची माझी हिंमत झाली नाही.