जास्तीचा तुकडा

कसबा बावड्यात आण्णाच्या रिक्षात बसायचं तर दहा मिनिटं हाताशी ठेवून निघावं. गडी सरळ, रिक्षा लखलखीत, भाड्यावरून कधी हुज्जत नाही. पण रस्त्यात दगड दिसला की ब्रेक लागलाच म्हणून समजा. मग स्वारी खाली उतरणार, दगड उचलून पार बांधाच्या आत टाकणार, हात झटकत परत येणार आणि काहीच न झाल्यासारखी रिक्षा चालू करणार. एसटी चुकेल म्हणून पाहुणे मागून ओरडतात. आण्णा एवढंच म्हणतो, "एसटी दुसरी मिळती की, पावणं."

कागदावर त्याचं नाव शमुवेल. वय साठीला टेकलेलं. बावड्यातल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत त्याचा जन्म झाला आणि रविवारच्या उपासनेला शेवटच्या बाकावर, चपलांच्या ढिगाजवळ, तो आजही न चुकता बसतो. रिक्षा ही त्याच्या आयुष्यात नंतर आली. आधी ट्रॅक्टर होता.

बारा वर्षांपूर्वी, ऊस ऐन भरात असताना, आण्णा दोन ट्रॉल्या भरून कारखान्याकडे निघाला होता. शिये गावाच्या बाजूच्या चढावर मागच्या ट्रॉलीचा दोर सैल झालेला त्याला दिसला. चढावर गाडी मागे सरकू नये म्हणून चाकामागे दगड लावायचा, हे पोरालाही कळतं. आण्णाचा त्यासाठी ठेवणीतला दगड होता. काळा, चौकोनी, कायम ट्रॉलीच्या खोबणीत ठेवलेला. त्याने दगड लावला, दोर आवळला आणि निघाला. दगड उचलायचा राहिला. असे दगड सगळेच विसरतात, आणि मागून येणाऱ्याचं नशीब बरं असलं तर काही होत नाही.

त्या दिवशी मागून बाळासो आणि शालूबाई मोटरसायकलवरून येत होते. बाळासो म्हणजे आण्णाचा लहानपणापासूनचा सोबती, मंडळीतलाच. दिवेलागणीची वेळ. चाक दगडावर चढलं आणि गाडी उडाली. बाळासो जागेवर गेला. शालूबाईचा उजवा पाय गुडघ्यातून कायमचा ताठ झाला.

कारखान्याच्या रांगेत उभं राहिल्यावर आण्णाने सहज खोबणीत हात घातला. ती रिकामी होती. तासाभराने बातमी आली.

इथे मला त्याचं खरंच कौतुक वाटतं. दगडावर कुणाचं नाव नव्हतं. त्या वाटेनं दिवसाला शंभर ट्रॉल्या जात होत्या. तोंड मिटून बसला असता तर ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता. पण बाळासोच्या दफनानंतर प्रार्थनासभा भरली तेव्हा हा उठला आणि भरल्या माणसांत म्हणाला, "त्यो दगड माझा हुता." मग स्वतःच पोलिसांत गेला. कोर्टाने सहा महिने सुनावले, ते मुकाट भोगले. बाहेर आला आणि ट्रॅक्टर विकून टाकला.

शालूबाईचं काय झालं तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर वाटेल की माफी म्हणजे सभेत टाळ्या वाजवण्याइतकी सोपी गोष्ट. ती वर्षभर उपासनेला आली नाही. पाळकसाहेब घरी प्रार्थनेला गेले तर म्हणाली, "तुमच्या देवाला सांगा, मी त्याच्यासंगं बोलत न्हाय." आणि रोज पहाटे उठून त्याच देवाशी भांडत बसायची, मोठमोठ्याने, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी. वर्षाने एके दिवशी निरोप धाडून तिने आण्णाला दारात बोलावलं. म्हणाली, "आण्णा, मी तुमास्नी माफ केलं. सोपं गेलं न्हाय. पर केलं."

आण्णा ढसाढसा रडला. आणि त्यानंतर एक गोष्ट त्याने अशी केली की जी त्याच्यासारखा हट्टी माणूसच करू जाणे. माफी त्याने घेतलीच नाही.

तो राबू लागला. शालूबाईचं दळण आण, औषध आण, दर रविवारी रिक्षातून तिला उपासनेला ने. तिच्या घरी मात्र पाण्याचा घोट घ्यायचा नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, काम विचारायचं आणि जायचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकाबाकावरून फिरतं, मागोमाग द्राक्षरसाच्या इवल्या पेल्यांचं. आण्णा ताट दोन्ही हातांनी धरायचा, क्षणभर बघायचा आणि पुढच्याला द्यायचा. अशी अकरा वर्षं.

रिक्षा थांब्याजवळ पंक्चर काढणारा बादशहा हा त्याचा दोस्त. तो एकदा वैतागून बोललाच, "लेका, बाईनं सोडलं, सरकारनं सोडलं, तुझ्या देवानं सोडलं. तू कोण लागून गेलास?" आण्णा हसला आणि दगड उचलत राहिला.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी तो शालूबाईच्या दारात दळण घेऊन गेला. प्रभुभोजनाची भाकर भाजायचं काम मंडळीने तिला केव्हाच दिलेलं. त्या दिवशी तिचं मनगट सुजलेलं होतं.

"आत या," ती म्हणाली. "सुरी धरता येईना मला. तुकडे तुमी करा."

कामाला नाही कसं म्हणणार? अकरा वर्षांत पहिल्यांदा आण्णाने तो उंबरा ओलांडला. हातपाय धुतले, पाटावर बसला. "किती करू, वैनी?"

"उद्या छत्तीस माणसं हाईत. सदतीस करा."

आण्णाने मनात मोजलं. त्याला वगळून छत्तीस होत होते. "योक जास्तीचा कुणाला?"

"अकरा वर्षं ज्याच्यासाठी कापती, त्याला."

सुरी थांबली.

"माणसं कमीजास्त हुत्यात, तुमचा तुकडा कधी चुकला न्हाय," शालूबाई म्हणाली. "ताटात त्यो उरतुय. मग मी घरी आणून खाती. तुमच्या वाटणीचा. आता गिळवत न्हाय, आण्णा."

"वैनी, माझी लायकी न्हाय."

आता मात्र बाई भडकली. "लायकी असती तर माफी लागली असती व्हय? येशूच्या शेजारी लटकलेल्या चोराला कुणी लायकी इचारली? वरीसभर देवासंगं भांडून, रडून, मी माफ केलं. आन् ते तुमी दर म्हयन्याला माझ्या दारात परत ठेवून जातासा. दळण आणू नका, औषिध आणू नका. त्यानं बाळासो परत येत न्हाय, आन् मला ते नगंच हाय. मी दिलेलं तेवढं घ्या."

आण्णा खाली मान घालून तुकडे करत राहिला. डोळ्यांतलं पाणी पाटावर पडत होतं आणि तो ते पालथ्या हाताने पुसत होता. सदतीस तुकडे झाले. दोघांनीही पुन्हा मोजले नाहीत.

रविवारी ताट फिरत शेवटच्या बाकापाशी आलं. आण्णाने नेहमीसारखं दोन्ही हातांनी धरलं. पुढच्या बाजूला, ताठ पायामुळे एकट्या स्टुलावर बसलेली शालूबाई मागे वळून बघत नव्हती. तिने डोळे गच्च मिटले होते. भरल्या सभेत कबुली द्यायला जेवढं बळ लागलं होतं त्याच्या दुप्पट त्याला आता लागलं. त्याने तो तुकडा उचलला आणि तोंडात घातला. ताट रिकामं पुढे गेलं आणि मेजावर टेकलं. ताटाचा तो हलका आवाज ऐकून शालूबाईने डोळे उघडले.

रिक्षातून परतताना चढावर मध्येच एक दगड पडलेला दिसला. आण्णाचा पाय ब्रेकवर गेला. तो उतरला, दगड बांधाच्या आत टाकून आला.

मागून शालूबाईने विचारलं, "आता कुणासाठी?"

आण्णाने हात झटकले. "मागनं येणाऱ्यासाठी, वैनी."

"मग ठीक हाय," ती म्हणाली. "चला, च्या टाकती."

"साखर जरा जास्त घाला," आण्णा म्हणाला.