सात कुलपांचा पंचनामा

बरीच प्रकरणं डोक्यातून गेली, कुलपांचं हे एक काही जात नाही. नोकरी सोडली तेव्हा माझी तिशीही उलटली नव्हती, त्यामुळे 'निवृत्त फौजदार' म्हटलं की लोक हसतात. हसू द्या.

साताऱ्याहून सांगलीकडे जाताना रेल्वेला लागून ते गाव. एके काळी तिथं कुलपं, तराजू आणि अडकित्ते बनत. लढाईच्या दिवसांत लोखंड-पितळ मिळेना आणि कारखाने एकामागून एक बसले. कारागीर देशोधडीला लागले. मालकांनी काय केलं? रिकाम्या खोल्यांतून संग्रहालयं मांडली! कुलपांचं एक, तराजूंचं एक, अडकित्त्यांचं एक. काचेची कपाटं आणि प्रत्येक वस्तूखाली मालकाच्या नावाची चिठ्ठी. पाहुणे येत, वाहवा करत, चहा पिऊन जात.

स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं असेल. एका सकाळी कुलूप-संग्रहालयाचे मालक ठाण्यात आले. सात कुलपं गायब. फिर्याद नोंदवली. दुपारपर्यंत चहावाल्याकडून खबर मिळाली: संग्रहालयाचा म्हातारा पहारेकरी घोंगडीखाली काहीतरी जड घेऊन जाताना दिसला होता. हा त्याच कारखान्यातला जुना कारागीर, संग्रहालयामागच्या खोलीत एकटा राहणारा. झडती घेतली. सातही कुलपं त्याच्या गाठोड्यात निघाली.

मालक म्हणाले, "आता घाला त्याला आत. खोली तरी मोकळी होईल."

म्हाताऱ्याला समोर उभा केला.

"कुलपं का घेतलीस?"

"इकायला न्हाई घेतली."

"मग कशाला?"

त्यानं खांद्यावरची घोंगडी सावरली. आमचे जमादार मऊ आवाजात म्हणाले, "आवं आजोबा, बोला की. सायबांचा हात लय वाईट हाय."

"मग सायबास्नी म्हनावं, हात बुडाखाली घिऊन बसा."

मी त्याच्या थोबाडीत मारली. लिहायला लाज वाटते, पण हे वगळलं तर बाकीचं सगळं खोटं ठरेल.

त्यानं गाल चोळला. "झालं? आता च्या सांगा."

मुद्देमाल हाती, आरोपी कोठडीत. कागद करून मोकळं व्हायचं. पण मला खुर्चीत बसवेना. विकायची असती तर भंगारवाल्याकडे एका फेरीत काम झालं असतं. शिवाय सातातल्या एका कुलपाचं झाकण उघडलेलं होतं, झाकण ठोकायच्या रिबिटा, म्हणजे बिनआट्यांचे खिळे, काढून फडक्यात नीट बांधलेल्या. चोर रिबिटा जपून ठेवतो का?

दुसऱ्या दिवशी उरलेली दोन्ही संग्रहालयं पालथी घातली. तराजूंच्या खोलीत झाडलोट करणारी बाई भेटली. तिचा नवरा तिथलाच कारागीर, आता हयात नव्हता. पहारेकऱ्याचं नाव काढताच ती म्हणाली, "त्यो व्हय? दर ऐतवारी येतो. बाकीचं पावनं चिठ्ठी वाचत्यात. ह्यो तराजू उलटा करून बघतो."

"उलटा कशाला?"

तिनं कपाट उघडून एक तराजू काढला आणि दांडी फिरवून माझ्यासमोर धरली. खालच्या अंगाला कानशीनं मारलेल्या तीन बारीक खाचा.

"चिठ्ठी त्येंच्या नावाची. खूण आमच्या घरधन्याची." मग आवाज खाली आणून म्हणाली, "वर खूण केली की मजुरी कापायचे. म्हून खालनं."

"आणि कुलपाला?"

"त्येला आतनं. झाकान ठोकायच्या आदी."

अडकित्त्यांकडे गेलो. तिथंही सांध्याच्या आतल्या बाजूला खुणा: कुठं चंद्रकोर, कुठं फुली. चिठ्ठीवर मात्र एकच नाव, ठसठशीत!

ठाण्यात परतलो आणि कोठडीपाशी म्हणालो, "कुलपांच्या आत खुणा आहेत."

म्हातारा ताडकन उठला. "मालकाला सांगू नगा सायेब. कानस मारून सपाट करंल."

मग तो बोलला. शिराळ्याहून एका मेलेल्या सोबत्याची बायको आली होती. कपाटासमोर उभं राहून तिनं विचारलं, माझ्या माणसाचं कुलूप कुठलं?

"जलमभर त्येच्या शेजारी बसून काम केलं, सायेब. आन वरनं मला वळखता येईना. तवा म्हनलं, एकेक उघडायचं, बघायचं, परत ठोकून जाग्यावर ठिवायचं. तिला फकस्त हात लावू द्यायचा व्हता."

मुद्देमालाच्या नोंदीत ओळखीच्या खुणा लिहाव्या लागतात. आदल्या दिवशी मी 'जुनी कुलपं, नग सात' एवढंच खरडलं होतं. दोन पंच बोलावले, म्हाताऱ्याकडून एकेक झाकण उघडवलं आणि नवा पंचनामा केला. आतली खूण काय, ती कोणाची, राहणार कुठला. सात कुलपं, सात नावं. त्यातलं एक शिराळ्याच्या सोबत्याचं, एक त्याचं स्वतःचं. तिथं तो जरा घुटमळला.

मालक तणतणत आले. "हे काय लिहिलंत? माल माझ्या कारखान्यातला आहे."

"खटला उभा करा. कोर्टात हे मोठ्यानं वाचलं जाईल. खुणांना आता कानस लागली, तर पुरावा नष्ट केला म्हणून तुम्हाला आत घेईन."

ते बसले, घाम पुसला. "मिटवून टाका."

फिर्याद मिटली. पंचनामा मी फाडू दिला नाही. पण मालकांनी त्याच दिवशी म्हाताऱ्याची खोली काढून घेतली.

लोणंदला लेकीकडे निघण्यापूर्वी तो ठाण्यात आला. बरोबर शिराळ्याची ती बाई आणि कारागिरांच्या घरची आणखी चार माणसं. ओसरीवर बसली. जमादारांनी पंचनामा वाचला. ती बाई पदर सावरून म्हणाली, "पुन्ना वाचा की, दादा." जमादारांनी पुन्हा वाचला, या वेळी उभं राहून.

गप्प बसलेला माणूस दर वेळी स्वतःला वाचवत नसतो, हे मी तिथं शिकलो. मी हात उगारला तेव्हा तो सात माणसांची नावं सांभाळत होता, आणि मी सरकारी पगार घेऊन मालकाला खोली रिकामी करून देत होतो. ती खोली मला वाचवता आली नाही.

तेव्हा कुठल्याही संग्रहालयात गेलात तर चिठ्ठी वाचून माघारी फिरू नका. वस्तू उलटी करून दाखवा म्हणा. दाखवत नसतील, तर मोठ्यानं म्हणा.