मोर्शीच्या पोटात वलगाव

ते प्रकरण मला अजून आठवते. खून नव्हता, दरोडा नव्हता. कागदांचा एक बस्ता हरवला होता.

साठ सालाच्या आसपास मी अकोल्याहून बदलून अमरावतीला फौजदार म्हणून आलो होतो. एका सरकारी दप्तरखान्यातून वलगावचा बस्ता नाहीसा झाल्याची फिर्याद आली. बस्ता म्हणजे लाल फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा, गाठीला गावाच्या नावाची चिठ्ठी. वलगावच्या एका शेताचा दावा सोमवारी कोर्टात निघणार होता. पाठोपाठ निनावी खबर आली: तिथल्या तरुण कारकुनाला सायकलवर लाल फडके नेताना पाहिले आहे.

कारकून बौद्ध कुटुंबातला, घरातला पहिलाच सरकारी नोकर. झडतीत फडके सापडले, तान्ह्या बाळाच्या अंगाखाली घातलेले.

"काहून नेलं हे?" मी विचारले.

"फाटलं म्हणून फेकून देल्लं होतं, साहेब. पोराले मऊ लागते."

"अन् आतले कागद?"

"कागद म्या नाही नेले. शाळेच्या कागदावर नोकरी लागली मले. मी कागद विकीन का?"

खोटे बोलणाऱ्याचे तपशील दर चौकशीत वाढत जातात. याचे उत्तर वाढतही नव्हते, घटतही नव्हते. पण एवढ्यावर अटक टळत नाही.

त्याचे वरिष्ठ निश्चिंत होते. त्यांनी सगळ्या फळ्यांवरच्या बस्त्यांची यादी करवली होती. एकाने शिडीवर चढून चिठ्ठ्या वाचल्या, दुसऱ्याने खाली बसून नावे उतरवली. मग ती टंकलिखित झाली, पानोपानी शिक्का. वलगाव त्यात नव्हते.

"यादीच बोलते, फौजदारसाहेब," ते म्हणाले. मग आवाज उतरवून, "या लोकाइले नोकरी नवी. हात कुठं थांबते?"

यादी बोलत होती तेवढे पुरे होते. हे पुढचे ते स्वतः बोलत होते.

वरून निरोप आला, सोमवारच्या आत अटक दाखवा. अटक म्हणजे निलंबन. उद्या निर्दोष सुटला तरी त्या खुर्चीवर त्याला कोणी बसू देणार नाही, हे मला दिसत होते.

त्यातच आमच्या ठाण्याची तपासणी लागली. साहेब येणार म्हटले की ठाण्यात चोर पकडण्यापेक्षा चुना मारण्याला महत्त्व येते. मी मुद्देमालाच्या खोलीत डोकावलो, तर छोटी गाठोडी दिसेनात.

"कुठं गेली सगळी?"

"इथंच हायेत," जमादार म्हणाले. "बारके गठळे मोठ्याइच्या पोटात टाकले. साहेबाले रांग सरळ दिसली पायजे नं."

"अन् कोणी नावं लिहून घेतली तर?"

"वरचं नाव लिहीन तो. आत कोन पाह्यते?"

मी तसाच कारकुनाकडे गेलो. "तुमच्याकडं तपासणी झाली काय एवढ्यात?"

"झाली म्हणतात. बायको बाळंत झाली तवा मी रजेवर होतो."

दप्तरखान्यात मी एकेक बस्ता सोडायला लावला. वरिष्ठ नाकाला रुमाल लावून उभे. कारकून दाराशी, शेजारी शिपाई. अर्ध्या फळ्या झाल्या, काही नाही. इथे चुकलो तर त्याची शेवटची वाट मीच बंद करणार होतो.

मोर्शीचा बस्ता सोडला आणि आत दुसरे लाल फडके दिसले. चिठ्ठी वलगावची. गाठही सुटलेली नव्हती.

कारकून पुढे आला, बस्त्याकडे हात नेला आणि मध्येच थांबला.

"हात लावू का, साहेब?"

आठवडाभरापूर्वी तो बस्ता त्याच्याच ताब्यातला होता.

वरिष्ठांनी घसा साफ केला. "पण सरकारी फडकं..."

"त्याच्या घरच्या दोरीवर वाळत आहे," मी म्हणालो. "हवं असल्यास स्वतः जाऊन घेऊन या."

ते गेले नाहीत.

पुढे नोकरीत याद्या पुष्कळ आल्या. मी प्रत्येक वेळी आधी विचारीत असे की गाठ सोडून पाहिली काय. त्या खोलीत कोणी बस्त्याची गाठ सोडली नव्हती आणि माणसाचीही नाही. दोघांचीही फक्त वरची चिठ्ठी वाचली होती.