गोळी कधीपासून बंद करू?

शाई न लागता हातावर लिहिता येतं, हे मी साळवे सरांच्या वर्गात पहिल्यांदा पाहिलं. बी.फार्मच्या तिसऱ्या वर्षाला ते आम्हाला औषधशास्त्र शिकवायचे. त्या दिवशी वर्गात आले, डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत दुमडली, पेनाच्या टोपणाचं बोथट टोक हातावर दाबून काहीतरी लिहिलं आणि बाही खाली ओढून शिकवायला लागले. दहा मिनिटांनी बाही वर केली तर कातडीवर फुगलेली, गुलाबी अक्षरं उठली होती. 'हिस्टामिन', अंगात खाज आणि सूज आणणाऱ्या रसायनाचं नाव. पहिल्या बाकावरची वैशाली दचकून मागं सरकली. सर म्हणाले, "भिऊ नका. हे मी नाय लिहिलं. त्याचं नाव त्यानंच लिहिलं, मी नुसतं त्याला उठवलं."

मग शेजारी नवी रेघ ओढून तो हात घेऊन ते बाकाबाकांमधून फिरले. आधी लाल रेघ, मग भोवती लाली, मग गांध, हा क्रम आम्ही पुस्तकात न वाचता त्यांच्या हातावर वाचला. आमच्याकडं अंगावर अशा गांधी उठल्या की 'पित्त उठलं' म्हणतात आणि आमसूल चोळतात. सरांना या शब्दाचा भारी राग. "पित्त तिकडं पोटात ऱ्हातं, कातडीत कशाला मरायला येईल? हिस्टामिन उठलं म्हणा." मी घरी जाऊन आजीला हे ऐकवलं. आजीनं शांतपणे आमसूल भिजत घातलं.

ऑटाकॉइड हा आमच्या अभ्यासक्रमातला एक धडा. शरीरात जिथं तयार होतात तिथंच आसपास काम करतात आणि तिथंच संपतात, अशी ही रसायनं. शिंक, सूज, खाज, दुखणं, सगळी त्यांची करणी. बाकीचे मास्तर व्याख्या फळ्यावर लिहून मोकळे होत. सर म्हणायचे, "हार्मोन म्हणजे जिल्ह्याचा साहेब. एका ठिकाणी बसतो, हुकूम गावोगाव जातो. ऑटाकॉइड म्हणजे गल्लीतला माणूस. गल्लीतच भांडण करतो, गल्लीतच मिटवतो, अन् गल्लीच्या बाहेर त्याला कुणी वळखत नाय." त्या गल्लीत त्यांनी तीन बिऱ्हाडं बसवली होती. पहिलं अमाइनवाल्यांचं, त्यात हिस्टामिन आणि सेरोटोनिन. दुसरं पेप्टाइडवाल्यांचं, त्यात ब्रॅडिकायनिन आणि अँजिओटेन्सिन. तिसरं चरबीवाल्यांचं, त्यात प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्रिन. एका हुशार मुलानं उठून विचारलं, "सर, अँजिओटेन्सिन तर रक्तातून अंगभर फिरतं, मग ते गल्लीतलं कसं?" सर खूश झाले. "प्रत्येक गल्लीत एक पुढारी निघतोच की रे. तो बाहेर फिरतो. मतदार यादीत नाव मात्र इथलंच." वीस वर्षं होत आली, पण हे वर्गीकरण मला कधी पाठ करावं लागलं नाही.

पोरांनी अर्थातच सरांचं नाव 'ऑटाकॉइड' ठेवलं, आणि ते चपखल बसलं. औरंगपुऱ्यातल्या मागच्या बोळात दोन खोल्या, तिथून कॉलेज, कॉलेजातून परत तिथंच. पत्नी लवकर वारल्या, मूलबाळ नव्हतं. सहलीला येत नसत, परीक्षेची बाहेरगावची ड्युटी घेत नसत. वेरुळाला सुद्धा आयुष्यात एकदाच गेलो म्हणायचे, तेही पाहुणे आले म्हणून. नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा रागावले नाहीत. "बरोबर ठेवलं. पण त्या शब्दाचा अर्थ ठाऊक हाय का? आपलं औषध आपल्यापाशी. माझ्यापाशी नेमकं कोणतं हाय, तेवढं कळायचंय अजून." वर्ग हसला. मीही हसले. आज ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

त्यांची ती कातडी जन्मापासूनची. कन्नडजवळच्या खेड्यात शाळेत असताना गुरुजींनी पाठीवर फूटपट्टी नुसती टेकवली, 'नीट बस' म्हणून. घरी गेल्यावर आईनं सदरा काढला तर पाठीवर इंचाच्या खुणांसकट पट्टी उमटलेली. आई तशीच शाळेत गेली आणि तिनं गुरुजींची बिनपाण्यानं केली. "आमच्या समाजाच्या पोरावर मास्तरनं हात टाकायचा, हे दिवस गेले म्हणली. त्या गुरुजीनं खरंच मारलं नव्हतं, पण मी गप ऱ्हायलो," सर सांगायचे. "पुढं सात वर्षं मला कुणी बोट लावलं नाय. हिस्टामिनचा पहिला फायदा."

मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा सरांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. निवृत्तीनंतरही दरवर्षी त्या एका तासाला त्यांना बोलवायची प्रथा पडली. मानधन नाही, शाल नाही. एक तास आणि नंतर आमच्या खोलीत चहा. निरोप द्यायचं काम माझ्याकडं होतं. फोन केला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "गोळी कधीपासून बंद करू?" पहिल्यांदा मला काही कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. ते रोज अॅलर्जीची गोळी घ्यायचे. ती चालू असली की अक्षरं उठत नाहीत. म्हणून तासाच्या आधी पाच दिवस गोळी बंद. त्या पाच दिवसांत चादरीची चुणी, घड्याळाचा पट्टा, पिशवीचा बंद, जे जे अंगाला लागेल त्याची गांध उठायची आणि अंग खाजत राहायचं. आमच्या चाळीस मिनिटांच्या गमतीसाठी हा माणूस दरवर्षी पाच दिवस खाजवत बसत होता, आणि आम्हा विद्यार्थ्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

गेल्या वर्षी विभागाला नवे प्रमुख आले. त्यांनी वेळापत्रक पाहिलं आणि म्हणाले, "हे सगळं व्हिडिओवर आहे की मॅडम. बाहेरचा माणूस कशाला? तुम्हीच घ्या तो तास, सरांना तसं कळवून टाका." मी वाद घातला नाही. त्या वर्षी माझी बढती अडकली होती, हेही सांगून टाकते. सोमवारी सरांना फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत पलीकडून आवाज आला, "वर्षा, तुझ्याच फोनची वाट बघत होतो बघ. गोळी कधीपासून बंद करू?" मी म्हणाले, "पुढच्या आठवड्यात आहे सर. नक्की वार कळवते." उद्या सांगू, परवा सांगू, असं करत राहिले. मधे त्यांचे दोन फोन येऊन गेले, ते मी उचलले नाहीत.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी पहिल्या तासाला मी व्हिडिओ लावून धडा उरकला. साडेअकराच्या सुमाराला वर्गातून वही आणायला गेले तर रिकाम्या वर्गात सर उभे होते. इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मानेवर कॉलरच्या रेघेनं उठलेली लाल गांध. ते माझा फळा वाचत होते. तीन बिऱ्हाडांचा तक्ता पुसायचा राहिला होता.

"बरोबर लिहिलंस," ते म्हणाले. "अँजिओटेन्सिनचं सांगितलंस का, पुढाऱ्याचं?"

"नाही सर."

"सांगत जा. पोरांना तिथंच अडतं." मग मनगट दुसऱ्या हाताच्या तळव्यानं चोळत हळूच म्हणाले, "मला कळवायचं होतंस वर्षा. गोळी तरी घेतली असती."

सोमवारपासून मोजलं तर तो अकरावा दिवस होता. नक्की वार ठाऊक नव्हता म्हणून त्यांनी माझा फोन ठेवल्या ठेवल्या गोळी बंद केली होती, आणि आठवडा संपत आला तरी निरोप नाही म्हणून स्वतःच विचारायला आले होते. मी काहीतरी बोलले, परीक्षेचं, वेळापत्रकाचं. त्यांनी ते ऐकून घेतलं. चहालाही थांबले नाहीत. मी गेटपर्यंत सोडायला गेले तर रिक्षात बसताना म्हणाले, "जा तू, तुझा तास असंल."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. माफी मागायची होती. त्यांनी दार उघडलं, माझ्यासाठी स्वतः चहा ठेवला. हात स्वच्छ होते, एक रेघ नव्हती. "रात्री गोळी घेतली. लई दिवसांनी झोप लागली," म्हणाले. मी म्हटलं, सर, पुढच्या वर्षी मी प्रमुखांशी भांडेन, तुम्हालाच बोलवेन. त्यांनी कप खाली ठेवला. "नको. आता गोळी चालूच ऱ्हाऊ दे." त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानंतर महिन्याभरात ते कन्नडला भाच्याकडं राहायला गेले. ज्या माणसानं गल्ली सोडली नाही त्यानं ती सोडली, आणि कशामुळं ते मला ठाऊक आहे.

हिवाळ्यात भाच्याचा, विजयचा, फोन आला. सकाळी अंघोळीला गेले ते तिथंच बसले, पुन्हा उठलेच नाहीत, म्हणाला. मी एसटीनं कन्नडला गेले ती पुण्यानुमोदनाच्या दिवशी. घरापुढं छोटा मांडव होता, पंचवीस-तीस माणसं असतील. बुद्धवंदना झाली. कॉलेजातून आलेली मी एकटीच. विजयची बायको माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "तुम्हीच का वर्षा मॅडम? मामा लई नाव काढायचे तुमचं. रिटायर झालो तरी माझी विद्यार्थिनी मला दरवर्षी तासाला बोलावते म्हणायचे. गेल्या साली पण जाऊन आले ना. सांगत होते, लई भारी झाला तास. पोरं उठंनात."

पलीकडून विजय म्हणाला, "मॅडम, तुम्ही दोन शब्द बोला. तो तास कसा झाला तेवढंच सांगा. आमच्यातलं कुणीच कधी मामाला शिकवताना पाहिलं नाय."

मी उठून उभी राहिले. सगळे माझ्याकडं बघत होते. "छान झाला," मी म्हणाले. "एका मुलानं अँजिओटेन्सिनचं विचारलं, तेव्हा सर फार खूश झाले. घंटा झाली तरी पोरं बसूनच होती."